कडी कोणी लावली?

गेल्या महिन्यात चिंचवडला एका परिसंवादाला गेले होते. विषय होता 'कादंबरीतील पलायन आणि मुक्ती'. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ असं सगळं यथासांग झालं आणि एक ज्येष्ठ लेखक बोलायला उभे राहिले. त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक त्यांची बाजू घेऊन माझ्याशीच भांडायला येतील. घर सोडून निघणारा नायक हाच आपल्या कादंबरीचा कणा आहे, असं ते म्हणाले. मग पाणी प्यायले, चेहरा मिश्किल केला आणि एक किस्सा सांगितला.

"भोसरीला एकदा माझं व्याख्यान होतं. प्रश्नोत्तरांत एक कामगार बाई उठल्या. म्हणाल्या, तुमचा नायक पहाटे घर सोडून गेला ते ठीक आहे, पण कडी कोणी लावली?"

सभागृह हसलं. त्यांनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाले, "आता बोला! आपण मुक्तीची चर्चा करतोय आणि वाचक अडकलाय कडीत!" पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या.

माझं डोकं तडकलं. त्या व्याख्यानाला त्या 'कामगार बाईं'च्या शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते. आणि आज कबूल करते, त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही हसले होते. चिंचवडला तरी उठून चार शब्द सुनावायला हवे होते, तेही जमलं नाही. बसल्या जागी धुमसत राहिले आणि घरी आले. म्हणून आता लिहितेय. त्या बाईंना नाव होतं. मंदाताई.

मी लातूरहून मराठीत एम.ए. करून आले होते आणि भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये डिस्पॅचच्या टेबलावर चलनं लिहीत होते. मराठीत एम.ए. केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्याकडे गाड्यांसाठी लोखंडी बुश, म्हणजे आरपार भोकाचे गोल तुकडे, बनायचे. माझ्या टेबलासमोरच इन्स्पेक्शनचं लांब टेबल होतं आणि त्यामागे मंदाताई उभ्या असायच्या. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. उंच, काटकुळ्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, एप्रनच्या खिशात दोन मार्कर. बुशच्या भोकात गेज घालून बघायचं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पास मालावर पिवळा ठिपका, नापास मालावर लाल. बस, एवढंच काम. पण त्यांच्या हातून गेलेली एकही पेटी गिऱ्हाइकाकडून परत आली नाही. मशिनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्या साधं 'चहा झाला का' हेसुद्धा भांडल्यासारखं विचारायच्या. आणि लॉकर असो, पेटी असो, गेटची छोटी खिडकी असो, बंद केलं की एका बोटाने ढकलून बघायच्या. लागलंय ना, याची खात्री झाल्याशिवाय पाऊल हलायचं नाही.

माझ्या डब्याशेजारी कादंबरी बघून त्या एकदा थांबल्या. मला वाटलं, विचारतील, हे काय वाचतेस. त्यांनी पुस्तक उचललं, थेट शेवटचं पान उघडलं, चष्मा लावून वाचलं आणि परत ठेवलं.

"हाबी गेला," त्या म्हणाल्या. "आन् पाठीमागं?"

"पाठीमागं काय?"

"तेच इचारते. पाठीमागं काय? ह्यो डोंगरावर गेला, हितं दळन कुनी आनलं?"

मंदाताईंची शाळा नववीत सुटलेली, पण माझ्या एम.ए.च्या यादीतल्या बहुतेक कादंबऱ्या त्यांनी वाचल्या होत्या. मी लातूर सोडून आले तेव्हा स्वतःला अशाच एखाद्या पुस्तकातली समजत होते, हेही सांगून टाकते. वडिलांनी ठरवलेलं स्थळ नाकारून, एक बॅग घेऊन, एसटीच्या खिडकीशी बसून वगैरे. मंदाताईंनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "धाकटी बहीन हाय का तुला?" आहे, म्हटलं. "मग त्या स्थळाला आता तिला दाखवलं असंल." दाखवलं होतं. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसापासून त्या मला 'लातूर' म्हणायला लागल्या.

वर्कशॉपजवळ एक जुनं वाचनालय होतं. तिथल्या ग्रंथपाल काकांनी एक दिवस मला हटकलं. "तुमच्या त्या मैत्रिणीला समजवा जरा. पुस्तकांची नासधूस चाललीय." त्यांनी पाच-सात कादंबऱ्या पुढ्यात टाकल्या. प्रत्येकीच्या शेवटच्या पानाखाली कोपऱ्यात लाल ठिपका. आमच्याच मार्करचा, पेट्रोलनेही न जाणारा. मी मंदाताईंना घेऊन गेले. वाटलं, माफी मागतील.

"मी इन्स्पेक्टर हाय," त्या काकांना म्हणाल्या. "रिजेक माल लाल ठिपका न देता पुढं पाठवला तर माझी नोकरी जाईल."

"अहो, पण हे साहित्य आहे!"

"आसंल की. मानूस घर टाकून गेला आन् पुस्तक संपलं. आर्धवट हाय ह्यो माल. ज्याला पायजे त्यानं ठिपका बघून न्यावा."

काकांनी त्यांचं खातं बंद केलं. मग त्या माझ्या खात्यावर पुस्तकं न्यायच्या आणि ठिपके माझ्या नावावर जमा व्हायचे. पिवळा ठिपका मी एकाच पुस्तकावर पाहिला. ती कादंबरीही नव्हती, स्वयंपाकाचं पुस्तक होतं.

त्यांच्या कामाची आणखी एक रीत होती. कारखान्यात पाळी बदलताना पुढच्या पाळीचा माणूस आला की त्याला चार्ज द्यायचा, म्हणजे काय झालं, काय उरलं, कुठलं मशिन कुरकुर करतंय, हे तोंडी सांगायचं आणि मग जायचं. असा माणूस म्हणजे रिलीव्हर. बाकीचे साडेतीनचा भोंगा झाला की गेज टेबलावर टाकून पळायचे. मंदाताई रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडत नसत. एकदा त्यांचा रिलीव्हर आलाच नाही. साडेचार झाले, साडेपाच झाले. मी त्यांना म्हटलं, "जा ना ताई, घरी आत्याबाई एकट्या आहेत." त्यांनी चऱ्होलीला घराशेजारणीला फोन करून अंथरुणावरच्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, पाणी पाजायला सांगितलं आणि पुन्हा गेज हातात घेतलं. सुपरवायझर साहेब वैतागून म्हणाले, "मंदाबाई, तुम्ही गेलात म्हणून काही कंपनी बंद पडत नाही."

"कंपनी न्हाई पडत," त्या म्हणाल्या. "पन मोकळ्या जागेवरनं खराब माल पास व्हतो आन् कुठंतरी कुनाच्या गाडीचं चाक निखळतं. जानारा जातो, सायेब. त्याचं काय जातंय?"

हे मंदाताई साहेबांना सांगत नव्हत्या, हे मला त्या व्याख्यानाच्या दिवशी कळलं.

व्याख्यानाला मीच त्यांना ओढून नेलं होतं. लेखक त्यांच्या गाजलेल्या कादंबरीवर बोलले. तिच्या शेवटी नायक पहाटे उठतो, झोपलेल्या बायकोकडे बघतो, दार हलकेच ओढून घेतो आणि निघतो. मागे कुत्रंसुद्धा भुंकत नाही. एम.ए.ला त्या शेवटावर मी तीन पानं लिहिली होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर मंदाताई ताडकन उठल्या.

"दार ओढून घेतलं, बरं. कडी आतून असती. ती कुनी लावली? बायको उठली म्हनावं, तर तुमी तिला झोपलेली दाखवलीय. न्हाई लावली म्हनावं, तर दार उघडंच राह्यलं. मग पुढं काय झालं?"

लोक हसले, मी हसले. लेखक म्हणाले, "बाई, हे प्रतीक आहे. ते दार म्हणजे लाकडी दार नव्हे."

"मग कसलं व्हतं?" मंदाताईंनी विचारलं, पण तोवर माईक दुसरीकडे गेला होता.

परतताना बसमध्ये, माझा स्टॉप यायच्या आधी, मंदाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लातूर, मला नवरा गेल्याचं कुत्र्यानं सांगितलं."

त्यांचा नवरा तळेगावला कंपनीत होता. वाचायचा खूप. रात्रपाळीत, सुट्टीत, जेवताना. एका पहाटे तो उठून गेला. दार नुसतं ओढून घेतलं होतं, ते वाऱ्याने उघडलं. मंदाताईंना जाग आली ती कसल्याशा आवाजाने. चुलीपाशी गावातलं एक कुत्रं भाकरीच्या टोपल्यात तोंड घालून उभं होतं. त्यांनी आधी कुत्रं हाकललं, मग अंथरुणाकडे बघितलं. आठ दिवस त्या ओढ्याकाठाने, इंद्रायणीच्या कडेने, आळंदीच्या धर्मशाळांतून त्याच्या नावाने हाका मारत फिरल्या. मग परत आल्या, कारण धसक्याने सासूची एक बाजू गेली होती आणि तिला कुशीवर वळवायला दुसरं कोणी नव्हतं. धाकटा दीर अंगणापलीकडे राहायचा, पण त्याला पाठीचा त्रास होता म्हणे. हा त्रास ट्रॅक्टर चालवताना व्हायचा नाही.

नवऱ्यामागे एक ट्रंक राहिली, कादंबऱ्यांनी भरलेली. मंदाताईंनी ती एक एक करून वाचली. आवड म्हणून नाही. पोलीस जशी खोलीची झडती घेतात तशी. "हा मानूस कुठं जात आसंल, ते बघत व्हते," त्या म्हणाल्या. "चाळीस पुस्तकं व्हती. चाळिसातबी पत्ता न्हाई. समदे जातात, आन् जातात तिथंच लेखक थांबतो. मला वाटायचं, एकानं तरी मागं वळून घरात यावं आन् बघावं."

आणि मी हसले होते.

तेव्हा मी त्यांना जो सल्ला दिला तो आठवला की आजही स्वतःची चीड येते. म्हटलं, "मंदाताई, तुम्हीही निघून जा ना. तुम्ही कोणाचं काय देणं लागता?" त्यांनी माझ्याकडे, गेज नीट बसत नाही तेव्हा बुशकडे बघतात तसं बघितलं. "आत्याला पानी कोन पाजनार? तू येतीस?" मी खिडकीबाहेर बघायला लागले. "मला जायाचंय," त्या म्हणाल्या. "रोज जायाचंय. सहाचा नळ येतो तवा तर लईच जायाचंय. पन रिलीव्हर यायला पायजे."

नवरा गेल्यापासून वीस-बावीस वर्षं रिलीव्हर आला नाही.

आणि मग आला. चऱ्होलीत मंदाताईंच्या सासरची जमीन एका मोठ्या गृहप्रकल्पात गेली. आजूबाजूला टॉवर उठत होते आणि दार उघडं राहिलं तर सिमेंटची धूळ थेट आत्याबाईंच्या अंथरुणावर यायची, म्हणून त्या घराची आतली कडी दिवसासुद्धा लावलेली असायची. व्यवहाराला थोरल्या मुलाची, म्हणजे मंदाताईंच्या नवऱ्याची, सही लागत होती. इतकी वर्षं पोलिसांना सापडला नाही, नातेवाइकांना सापडला नाही, देवऋषींना सापडला नाही, तो माणूस सहीची गरज पडल्यावर दिराला पंधरा दिवसांत सापडला. गुजरातच्या हद्दीवर कुठल्याशा आश्रमात बाग सांभाळत होता. सापडणं इतकं सोपं होतं! कोणी शोधलंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. एका बाईने आठ दिवस हाका मारल्या, तेवढाच काय तो शोध.

तो पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या दाढीत आला. गाव दर्शनाला लोटलं. ज्यांनी मंदाताईंना 'हिच्यातच काहीतरी खोट आसंल' म्हणून नावं ठेवली होती, त्याच बायका त्याच्या पायावर डोकं ठेवत होत्या. मंदाताईंच्या पाया पडायचं कोणालाही सुचलं नाही. दीर म्हणाला, "वहिनी, नशीब काढलं तुम्ही. देवमाणूस परत आला. आता त्यांची सेवा करा."

नवरा म्हणाला, "मंदा, तेव्हा मला काहीतरी हाक मारत होतं."

"मीबी मारत व्हते," मंदाताई म्हणाल्या. "आठ दिवस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीत आठ दिवसांची रजा टाकली. आयुष्यातली पहिली मोठी रजा. आम्हाला वाटलं, नवऱ्याबरोबर राहायला घेतली असेल. सुपरवायझर साहेबांनी पेढेसुद्धा मागितले. जाताना मंदाताई मला म्हणाल्या, "पुढल्या रविवारी चऱ्होलीला ये. एक गाठोडं धरायचंय."

रविवारी दुपारी मी गेले. दार वाजवलं, ते त्यांच्या नवऱ्याने उघडलं आणि तो ते उघडंच सोडून आत गेला. मंदाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, वर्कशॉपमध्ये असतात तशाच. कॉटवर आत्याबाई. शरीराची एक बाजू निकामी, पण जीभ शाबूत. आणि त्यांच्या उशाशी तो देवमाणूस, बाह्या सरसावून, घामाघूम.

"दोन वाजले," मंदाताई म्हणाल्या. "कूस बदला."

"मंदा, माझा मार्ग वेगळा आहे गं."

"मार्ग राहू द्या. आधी खांद्याखाली हात घाला. खांद्याखाली. मानेखाली न्हवं."

नवा माणूस कामावर घेतला की आठ दिवस त्याला शेजारी उभं करून शिकवायचं, ही आमच्या टेबलाची रीत. मंदाताईंनी ती अगदी काटेकोर पाळली होती. भिंतीवर चेकशीट चिकटवलं होतं, वर्कशॉपमधल्यासारखं, रकाने आखून. सहाला नळ येतो, वीस मिनिटांत जातो. गोळ्या किती वाजता. दर दोन तासांनी कूस. पाठ रोज उजेडात बघायची, लाल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. धूळ येते, दार कायम बंद. 'आत्या दुधी खात नाहीत, खाल्ला म्हणून खोटं सांगतात.' आणि सर्वांत खाली: मंदा, भोसरी, नव्या भाड्याच्या खोलीचा नंबर, फोन.

दीर दारातच कडाडला. "वहिनी, हे काय चालवलंय? पुरुषमाणसानं, त्यातून अशा माणसानं, हे असलं करायचं? लोक काय म्हणतील?"

"आई त्यांची हाय. तुमचीबी हाय," मंदाताई म्हणाल्या. "त्यांना जमत नसंल तर तुमी या. तुमालाबी शिकवते, आजून आठ दिवस थांबते."

दिराला पाठीचा त्रास आठवला असावा. तो पाय आपटत निघून गेला.

मग मंदाताईंचाच प्रश्न मी त्यांना विचारला. "मंदाताई, आणि पाठीमागं?"

त्या चिडल्या नाहीत. उलट पहिल्यांदाच, शाबास म्हटल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "पाठीमागं आत्याचा ल्योक हाय. आन् मी भोसरीला हाय, चंद्रावर न्हाई. आत्यानं हाक मारली तर तासाभरात येईन. त्यांनी मारली तर न्हाई येनार." मग चेकशीटवरच्या आपल्या पत्त्यावर बोट ठेवलं. "मला हरवायचं न्हाई, लातूर. निघायचंय."

"तिथं जाऊन काय करणार?"

"झोपनार. सहाचा नळ आला तरी."

त्या कॉटपाशी गेल्या. आत्याबाईंच्या तोंडावरून हात फिरवला. म्हातारीने धडधाकट हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, आता काही ही बाई सुटत नाही.

"मंदे, ह्याला आजून नीट येत न्हाई गं," म्हातारी म्हणाली.

"येईल. मला तरी कुठं येत व्हतं, आत्या?"

म्हातारीने मान हलवली आणि मनगट सोडलं. आपण होऊन सोडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मंदाताईंनी पदराने डोळे पुसले, एक कापडी पिशवी उचलली, चादरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं. नवरा उशाशी ओला फडका घेऊन उभा होता. कोणी तरी आपल्याला टाकून चाललंय, हे त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठे उमटत होतं.

"मंदा, कधी येशील?" त्याने विचारलं.

तो गेला तेव्हा त्याला हे विचारायची संधी कोणाला मिळाली नव्हती. आम्ही उंबऱ्याबाहेर आलो. मंदाताईंनी दार ओढून घेतलं आणि बंद दाराकडे तोंड करून, मशिनवर बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या,

"आतून कडी लावून घ्या."

आत काही हललं नाही. पलीकडच्या टॉवरवर सिमेंटचा मिक्सर फिरत होता आणि पायरीवर धुळीचा थर चढत होता. मंदाताई उभ्या राहिल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. रिलीव्हर जागेवर आल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. शेवटी आतून आत्याबाईंचा खणखणीत आवाज आला.

"आरं बाळ्या, ऐकू येत न्हाई का? लाव की कडी! धूळ येतीया!"

पावलं वाजली. कडी लागली.

मंदाताईंनी एका बोटाने दार ढकलून बघितलं. मग वळल्या आणि बस स्टॉपच्या दिशेने चालू लागल्या, इतक्या भराभर की गाठोडं घेऊन मला मागून पळावं लागलं.